दर दीड तासाला एक थांबा

आपल्या घरांत सहल ठरते ती गावांच्या नावांवरून. कुणी म्हणतं महाबळेश्वर, कुणी म्हणतं गोवा, कुणी तिसरंच काही. मग मोबाईलवर नकाशा उघडला जातो, किलोमीटर मोजले जातात, पेट्रोलचा हिशोब होतो आणि रात्रीच्या जेवणापर्यंत सहल ठरलेली असते. या सगळ्यात एक प्रश्न कुणीच विचारत नाही. तो प्रश्न घरातल्या बायकांच्या मनात पहिल्यापासून असतो, पण त्याही विचारत नाहीत. तो आमच्या घरात कसा विचारला गेला आणि त्यातून गेल्या उन्हाळ्याची आमची निलगिरीची सहल कशी आखली गेली, ते लिहिते आहे. ज्यांच्या घरी वयस्कर अम्मी-अब्बा आहेत त्यांना उपयोग होईल, इन्शाअल्लाह.

आम्ही कोल्हापूरचे. दिरांनी सात जण बसतील अशी गाडी घेतली होती. दुकान बंद ठेवणं त्यांना शक्य नव्हतं, पण गाडी आणि त्यांचा चोवीस वर्षांचा मुलगा, दोन्ही आमच्या हवाली करायला ते तयार होते. मार्चमध्ये माझा मुलगा आणि हा पुतण्या, दोघांनी मिळून एक बेत आणला. सात दिवस. कूर्ग, वायनाड, उटी, कोडाईकनाल, मुन्नार. प्रत्येक ठिकाणी एक रात्र. वहीच्या पानावर रंगीत पेनांनी लिहिलेला तो बेत दिसायला फारच सुरेख होता.

मी मराठी आणि उर्दू शिकवते, भूगोल नाही. पण घाटाच्या पायथ्याशी माहेर असलेल्या माणसाला काही गोष्टी पुस्तकाशिवाय कळतात. नकाशावर ही गावं एकमेकांना चिकटलेली दिसतात. प्रत्यक्षात एका थंड हवेच्या ठिकाणाहून दुसऱ्याकडे वरच्या वर जाता येत नाही. एक डोंगर पूर्ण उतरायचा, उन्हाने तापलेलं मैदान तुडवायचं आणि दुसरा डोंगर चढायचा. उटीहून कोडाईकनाल अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे. हायवेवर हे अंतर चार तासांचं असेल, इथे अख्खा दिवस जातो. कोडाईहून मुन्नारला जायचं तर परत खाली उतरून थेनी, बोडीवरून पुन्हा वर. घाटात गाडी ताशी पंचवीस-तीस किलोमीटरच्या वर जात नाही, आणि जाऊही नये. मुलांच्या बेतात डोंगर होते, पण ते सगळे गाडीच्या काचेतून मागे पळणारे.

तरीही तो बेत बदलला तो या हिशोबामुळे नव्हे. अम्मींमुळे बदलला.

अम्मी म्हणजे माझ्या सासूबाई. वय सदुसष्ट. बारा वर्षांपासून साखरेचा त्रास, उजवा गुडघा दुखरा. तीन वर्षांपूर्वी अब्बांचा इंतकाल झाला, तेव्हापासून त्या शेजारच्या गल्लीपलीकडे फारशा गेलेल्या नाहीत. मुलांनी बेत वाचून दाखवला तेव्हा त्यांनी नेहमीचं उत्तर दिलं, "तुम जाके आओ बेटा, मैं घरकू रहती. पापड का काम पड्या है." मुलांनी दोनदा आग्रह केला आणि मग दादीला प्रवास झेपणार नाही असं ठरवून टाकलं. यांनीही मान डोलावली. नणंदबाईंना चार दिवस राहायला बोलवायचं, असंही ठरलं.

रात्री ओट्याजवळ मी त्यांना विचारलं, "अम्मी, गुडघ्यामुळे नको म्हणता का?" त्या बराच वेळ भांडी पुसत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "बार बार गाडी कौन थांबायेगा? बच्चों कू कैसे बोलूं?"

मग त्यांनी एक जुनी हकीकत सांगितली. अब्बांबरोबर त्या एका खासगी बसने अजमेरला निघाल्या होत्या. तेव्हा त्या चाळिशीत असतील. दुपारी चालक काही केल्या बस थांबवेना. अब्बा दोनदा जाऊन विनवणी करून आले. शेवटी बस थांबली ती उघड्या माळावर, आडोसा म्हणून एक बोरीचं झुडूप. मागे बसभर लोक. अम्मी खाली उतरल्या आणि तशाच परत येऊन बसल्या. पुढचे तीन तास त्यांनी कसे काढले ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्यानंतर त्यांनी एक रीत लावून घेतली. प्रवासाच्या आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद. विजापूरला भाचीच्या लग्नाला गेलो तेव्हाही त्यांनी हेच केलं होतं, आणि परत आल्यावर आठवडाभर लघवीच्या जळजळीने आजारी होत्या. आम्ही सगळे त्याला लग्नाच्या जेवणाचा त्रास समजत होतो.

ही एकट्या अम्मींची गोष्ट नाही. दुसऱ्या दिवशी मी स्टाफरूममध्ये सहज विषय काढला. आम्ही सात बायका होतो. त्यांतल्या पाच जणी म्हणाल्या की एसटीचा लांबचा प्रवास असला की त्या पाणी पीत नाहीत. एक जण तर निवडणुकीच्या ड्यूटीलाही असंच करते. मुसलमान, मराठा, जैन, सगळ्या जणी होत्या; या बाबतीत सगळ्यांचा मजहब एकच निघाला. आपण मुलींना शिकवतो, नोकरीला पाठवतो, आणि त्यांना रस्त्यात एक ग्लास पाणी निर्धास्त पिता येत नाही.

आमच्या डॉक्टरीणबाईंना हे सांगितल्यावर त्या जरा रागावल्याच. साखरेच्या रुग्णाने पाणी तोडलं तर जंतुसंसर्ग लवकर होतो, उन्हात अंगातलं पाणी कमी होऊन चक्कर येऊ शकते, आणि गोळी घेऊन जेवण लांबलं तर साखर एकदम खाली जाते. उटीच्या उंचीबद्दल मी विचारलं. ते गाव सुमारे २,२४० मीटरवर आहे. एवढ्या उंचीवर हवा विरळ होण्याचा त्रास सहसा होत नाही, असं त्या म्हणाल्या. रक्तदाब तपासून, गोळ्या वेळेवर घेऊन जायला हरकत नाही. "त्यांना न्या," त्या म्हणाल्या, "पण दर दीड तासाला गाडी थांबवा. गुडघ्यालाही तेच लागतं."

मग मी मुलांची रंगीत वही बाजूला ठेवली आणि माझी शाळेची टाचण वही घेतली. पहिल्या पानावर गावं लिहिली नाहीत, थांबे लिहिले. दीड तासाच्या अंतरावर चांगला संडास कुठे आहे, तिथे बाईला निर्धास्त जाता येईल का, पाश्चात्त्य पद्धतीचा आहे की बसायचा. सहलीचा रस्ता त्यावरून ठरला.

पहिला दिवस कोल्हापूर ते चित्रदुर्ग. पुणे-बंगळूर हायवेने चारशेच्या थोडं वर किलोमीटर. मुलांच्या मते हे एका दमात कापायचं अंतर होतं. माझ्या वहीत थांबे होते: संकेश्वर, कित्तूर, हुबळी, राणेबेन्नूर, दावणगेरे. यांतल्या दोन ठिकाणी ओळखीच्यांची घरं होती. फोन करून सांगितलं की जेवायला थांबणार नाही, दहा मिनिटं अम्मींना आत घ्या. आपल्या लोकांत पाहुण्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत, त्यामुळे हे पटवायला दहा मिनिटांहून जास्त वेळ गेला! बाकी ठिकाणी मोठी, कुटुंबं थांबतात अशी हॉटेलं हेरली. पेट्रोल पंपावर संडास असतो, पण बायकांच्या बाजूला अनेकदा कुलूप असतं आणि किल्ली कुणाकडे ते कुणालाच ठाऊक नसतं. पेट्रोल भरायच्या आधी किल्ली मागायची, नंतर नाही, ही युक्ती एका ट्रकवाल्या नातेवाइकाने सांगितली. ती शंभर टक्के चालते.

एक वस्तू मात्र आवर्जून घ्या. औषधांच्या आणि आजाऱ्यांच्या साहित्याच्या दुकानात घडीची खुर्ची मिळते, मध्ये भोक असलेली. खाली बसायच्या संडासावर ती उघडून ठेवता येते. गुडघ्याच्या माणसाला तिच्यासारखा आधार नाही. पुतण्याने ती डिकीत सगळ्यात वर, लगेच हाताला येईल अशी ठेवली. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या थांब्यावर तो ती घेऊन आत ठेवून आला आणि काही न बोलता बाहेर मोबाईल बघत उभा राहिला. वीस-चोवीस वर्षांच्या पोरांना आपण उगाच नावं ठेवतो.

राहायच्या जागा ठरवताना लेकीने फोन केले. ती नववीत आहे. तिच्या हातात मी चार प्रश्न लिहून दिले होते: खोली तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का, गरम पाणी किती वाजता, आणि आजूबाजूला हलाल जेवण मिळतं का. ती बिचारी इंग्रजीत सुरुवात करायची आणि पलीकडून उत्तर यायचं, "बोलो अम्मा, क्या होना?" चित्रदुर्ग, म्हैसूर या भागात आपली दखनी सर्रास चालते. एका जागी तळमजला रिकामा नव्हता, ती जागा सोडली. तिथल्या बाल्कनीतून डोंगर दिसत होते म्हणून मुलगा हळहळला. पण अम्मींना रोज वीस पायऱ्या चढायला लावून डोंगर दाखवण्यात अर्थ नव्हता.

नमाजचा विचार यातच बसवला. थांबा, वजू, नमाज आणि चहा एकाच ठिकाणी झालं तर वेळ वाचतो. सफरमध्ये कसर आहे. चार रकातींच्या फर्ज नमाजा दोन होतात, फजर आणि मगरिब तशाच राहतात. आमच्या घरात यातही एक गंमत आहे. माझं माहेर कोकणात, आम्ही शाफई, सासर हनफी. शाफई मसलकात सफरमध्ये जोहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र पढण्याची मुभा आहे, हनफींत ती तशी नाही. त्यामुळे दुपारच्या थांब्यावर मी दोन्ही उरकून मोकळी आणि अम्मी व हे असरला पुन्हा थांबणार. लग्नाला बावीस वर्षं झाली, यावरून आमच्यात कधी वाद झाला नाही. पण वेळापत्रकात एक जादा थांबा लिहावा लागला. अम्मींना तो सोयीचाच होता.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिते. हायवेच्या कडेला आपल्या किती तरी मशिदी आहेत. पुरुष उतरतात, वजू करतात, नमाज पढतात, ताजेतवाने होऊन परत येतात. बायका गाडीत बसून राहतात. वाटेत फक्त एका मशिदीच्या आवारात बायकांसाठी वेगळी खोली, वजूची जागा आणि संडास होता. तिथल्या मुअज्जिनसाहेबांनी स्वतः किल्ली आणून दिली आणि अम्मींसाठी खुर्चीही मागवली. ज्या गावांतल्या मशिदी मोठ्या रस्त्यावर आहेत, तिथल्या कमिटीने नवीन मिनार बांधण्याआधी ही एक खोली बांधावी. मुसाफिराची सोय करणं हे आपल्याकडे फार जुनं पुण्याईचं काम आहे, आणि मुसाफिरांत बायकाही असतात.

दुसऱ्या दिवशी हिरियूरला हायवे सोडला आणि हुलियार, नागमंगलावरून श्रीरंगपट्टणला आलो. बंगळूरची गर्दी टळते, आणि नारळाच्या बागांमधून जाणारा हा रस्ता मला तरी हायवेहून जास्त आवडला. श्रीरंगपट्टण माझ्यासाठी यादीत होतंच. इथल्या गुंबजमध्ये तीन कबरी आहेत: हैदर अली, त्यांच्या पत्नी फातिमा आणि त्यांचा मुलगा टिपू सुलतान. वडिलांसाठी टिपूंनी बांधलेल्या या इमारतीतच ४ मे १७९९ नंतर त्यांनाही आणून दफन केलं. बाहेरचे काळ्या दगडाचे गुळगुळीत खांब आणि आतल्या भिंतींवर वाघाच्या अंगावरचे पट्टे, असं दृश्य दुसरीकडे पाहिलेलं मला आठवत नाही. मुलांना दर्या दौलत बागेतली भिंतचित्रं जास्त आवडली. त्यांत १७८० सालच्या पोल्लिलूरच्या लढाईचं मोठं चित्र आहे. इंग्रजांची तुकडी हरलेली दिसते. अम्मी मात्र गुंबजच्या ओट्यावर बसल्या, फातिहा पढल्या आणि म्हणाल्या, माँ-बाप के बाजू में बेटा सोया है. त्यानंतर त्या पाऊण तास तिथून उठल्या नाहीत. सात दिवसांच्या बेतात इथे थांबायला वीस मिनिटं होती.

म्हैसूरला दोन रात्री काढल्या. दुसऱ्या दिवशी पूर्ण विश्रांती ठेवली होती. मुलं राजवाडा बघून आली, मी आणि अम्मी झोपलो. सहलीत एक दिवस काहीच न करण्याचा असावा, असं माझं ठाम मत झालं आहे.

म्हैसूर ते उटी हा या प्रवासातला खरा डोंगरी टप्पा. त्यातला जंगलाचा भाग नीट आखावा लागतो. गुंडलुपेट सोडलं की बंदीपूर आणि त्याला लागून मुदुमलाई, ही दोन व्याघ्र अभयारण्यं लागतात. रात्री ९ ते सकाळी ६ हा रस्ता बंद असतो. २००९ पासून ही बंदी आहे. रात्री गाड्यांखाली जनावरं मरत होती म्हणून. दिवसाही जंगलात गाडी थांबवायची नाही, उतरायचं नाही, जनावरांना खायला घालायचं नाही. म्हणजे आमच्या दृष्टीने गुंडलुपेट ते गुडलूर हे पन्नास-एक किलोमीटर बिनथांब्याचे. वहीत गुंडलुपेटच्या हॉटेलावर लाल शाईने खूण केली होती: इथे सगळ्यांनी जाऊन यायचं, कुणी "मला नको" म्हणायचं नाही. हा हुकूम पोरांनाही लागू होता. त्यामुळे अम्मींना एकटीच्या त्रासासाठी गाडी थांबली असं वाटण्याचा प्रश्नच राहिला नाही. जंगलात चितळांचे कळप दिसले आणि एका वळणाच्या आत, बांबूंच्या मागे, पिल्लासह हत्तीण उभी होती. यांनी गाडीचा वेग कमी केला, पण थांबवली नाही. अम्मी खिडकीला चिकटून बसल्या होत्या. पाण्याची बाटली त्यांच्या मांडीवर होती आणि ती अर्धी रिकामी झालेली मी पाहिली.

तेप्पाकाडूला रस्ता फुटतो. डावीकडचा मसिनगुडीवरून कल्हट्टी घाटाने जातो. तो जवळचा आहे, पण त्यात ३६ तीव्र वळणं एकामागून एक आहेत आणि चढ अंगावर येतो. मुलांना तोच हवा होता. मोबाईलवर त्याचे व्हिडिओ पाहून ठेवले होते. उतरताना तर बाहेरच्या गाड्यांना तिथे बंदीच आहे, ब्रेक निकामी होऊन अपघात झाले आहेत. आम्ही गुडलूरचा लांबचा रस्ता घेतला. तो तीस-एक किलोमीटर जास्त आहे, पण चढ सावकाश आहे आणि वाटेत नडुवट्टमला चहाच्या मळ्यांत थांबता येतं. आमच्या गॅरेजवाल्याने निघताना सांगितलं होतं की ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरायचं, न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायचं नाही, आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. ब्रेक सारखा दाबून धरला की तापतो आणि तापला की धरत नाही. हे सगळं मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून पुतण्याकडून सही घेतली. तो हसला, पण सही केली.

वळणांवर मळमळतं त्यांच्यासाठी: पोट अगदी रिकामं ठेवू नका आणि तेलकटही खाऊ नका, मोबाईल बंद करा, लांबच्या डोंगराकडे बघा. लेक मधल्या सीटवर हलली आणि तिचं थांबलं. डॉक्टरांनी दिलेली गोळी घाटाच्या अर्धा तास आधी घ्यायची असते, घाटात आल्यावर नव्हे.

निलगिरी जिल्ह्यात शिरायला ई-पास लागतो. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने मे २०२४ पासून ही पद्धत सुरू झाली. पैसे पडत नाहीत, मोबाईलवर गाडीचा नंबर आणि तारीख भरली की मिळतो. पण २०२५ च्या उन्हाळ्यात रोजच्या गाड्यांची संख्याही ठरवून दिली गेली: सोमवार ते शुक्रवार ६,०००, शनिवार-रविवार ८,०००. म्हणून सुट्टीच्या दिवसात जाणाऱ्यांनी पास आधी काढावा, नाक्यावर जाऊन वाद घालू नये. दुसरं म्हणजे तिथे प्लॅस्टिकच्या पाण्याच्या बाटल्यांना बंदी आहे. नाक्यावर गाडी तपासतात. आम्ही घरूनच सहा स्टीलच्या बाटल्या नेल्या होत्या. तिथे जागोजागी पाण्याची एटीएम यंत्रं आहेत, त्यांतून भरून घेता येतात. बाजारात बाटली विकत घेण्याच्या सवयीवर जाऊ नका.

उटीला आम्ही तीन रात्री एकाच जागी राहिलो. कोल्हापुरात अंगाची लाही होत होती आणि इथे रात्री अम्मींनी शाल, स्वेटर, वर गोधडी घेतली. जेवण बाहेर घेतलं. मी हे मुद्दाम लिहिते, कारण आमच्याकडे सहलीला निघताना शेगडी, कुकर, मसाल्याचे डबे गाडीत चढतात आणि जाईल तिथे बाईचा स्वयंपाक सुरू होतो. पहिल्या दिवसाचे पराठे आणि सुकं मटण सोडलं तर मी नऊ दिवसांत काहीही रांधलं नाही. अम्मींना सुरुवातीला हे उधळपट्टीचं वाटलं. तिसऱ्या दिवशी त्या स्वतः विचारू लागल्या, आज कुठं जेवायचं?

गाडीतून फिरणं तिथे कमीच केलं. दोड्डबेट्टा, निलगिरीचं सगळ्यात उंच शिखर, २,६३७ मीटर. वरपर्यंत रस्ता असल्याने अम्मींना नेता आलं. १८४८ साली लावलेल्या वनस्पती उद्यानात त्या एका बाकावर बसल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांच्या साड्यांचे रंग बघत बसल्या. खरा आनंद रेल्वेचा झाला. मेट्टुपालयम ते उटी ही ४६ किलोमीटरची डोंगरी रेल्वे १९०८ मध्ये उटीपर्यंत पोहोचली आणि २००५ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. खालच्या कल्लार ते कुन्नूर टप्प्यात चढ इतका आहे की रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी बसवली आहे आणि इंजिनाचं दातेरी चाक तिला धरून वर चढतं. आम्ही उटी ते कुन्नूर एवढाच तासाभराचा भाग घेतला. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, मेमधली तिकिटं लगेच संपतात. मार्चमध्ये बेत ठरल्याचा फायदा इथे झाला. अम्मी, मी आणि लेक रेल्वेने, बाकीचे गाडी घेऊन कुन्नूर स्टेशनवर हजर. बोगदा आला की डब्यातली सगळी पोरं ओरडत होती. दुसऱ्या बोगद्यात अम्मीही ओरडल्या.

नऊ दिवस, सतराशेच्या आसपास किलोमीटर, खर्च सहा माणसांचा ६५,००० च्या आत. त्यातले बरेचसे पैसे शाळेतल्या भिशीचे होते. कूर्ग, वायनाड, कोडाईकनाल, मुन्नार राहिलं. मुलगा अजूनही कधी कधी म्हणतो की पाच ठिकाणं होणार होती, एकच झालं. त्याचं म्हणणं खोटं नाही. त्याने मित्रांबरोबर डिसेंबरात मुन्नारला जावं, मी अडवणार नाही. फक्त पावसाळ्यात त्या डोंगरांत जायचं नाही, एवढी अट घातली आहे. वायनाडमध्ये ३० जुलै २०२४ च्या पहाटे दरड कोसळून शेकडो माणसं झोपेत गेली, ते विसरता येत नाही.

माझी टाचण वही सध्या नणंदबाईंकडे आहे. त्यांना दिवाळीच्या सुट्टीत सासऱ्यांना घेऊन महाबळेश्वरला जायचं आहे, आणि सासऱ्यांना प्रोस्टेटचा त्रास आहे. म्हणजे हा प्रश्न फक्त बायकांचा नाही हेही कळलं. परवा त्यांचा फोन आला. पाचवडला वळून वाईवरून पसरणी घाटाने जावं की साताऱ्यातून मेढ्याच्या रस्त्याने, असं त्या विचारत होत्या. मी म्हटलं, आपा, दोन्ही रस्त्यांवरचे थांबे आधी लिहून काढा, मग बघू. फोन अम्मींनी माझ्या हातातून घेतला आणि त्यांना ती घडीची खुर्ची कुठल्या दुकानात, कितीला मिळाली ते सांगत बसल्या.